तारण ठेवलेली गोष्ट : मायकेल व्हिकच्या दिवाळखोरीचे एक वाचन

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व जिल्ह्यातील संघराज्य न्यायालयांत एकाच माणसाच्या कृत्यांतून निघालेली तीन प्रकरणे नोंदलेली आहेत. पहिले फौजदारी : कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा चालवल्याबद्दल डिसेंबर २००७ मध्ये झालेली तेवीस महिन्यांची शिक्षा. दुसरे जप्तीचे. त्याचे अधिकृत शीर्षक 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अंदाजे ५३ पिटबुल कुत्रे' असे आहे. तिसरे दिवाळखोरीचे, जुलै २००८ मध्ये दाखल झालेले. यांतल्या तिसऱ्या प्रकरणाची गोष्ट अमेरिकेत एखाद्या बोधकथेसारखी सांगितली जाते. कुकर्मी खेळाडू तुरुंगात गेला, कंगाल झाला, बाहेर आला, पुन्हा खेळला आणि कायद्याने सूट मागण्याची वाट मोकळी असताना त्याने लोकांचे पैसे परत केले, अशी ती गोष्ट.

ती खोटी नाही. पैसे खरोखर परत झाले. २०१७ मध्ये प्रकरण मिटत आले तेव्हा भरणा पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास पोहोचला होता. पण ही गोष्ट कुणी रचली, ती कुणाला हवी होती आणि तिच्यात काय मावत नाही, हे प्रश्न समीक्षकाचे आहेत, आणि ते फारसे विचारले गेलेले नाहीत. दुसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकातल्या 'अंदाजे' या शब्दापाशी मी अडखळलो आणि हा लेख तिथून सुरू झाला. कर्जाच्या यादीत सेंटसुद्धा अंदाजे लिहीत नाहीत.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून दोन शब्द. त्या खेळात क्वार्टरबॅक हा डावाचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातातून पुढे जातो आणि संघाचे नशीबही. न्यूपोर्ट न्यूज या बंदराच्या गावात, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत १९८० साली जन्मलेला मायकेल व्हिक २००१ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत देशात पहिला निवडला गेला. २००४ च्या डिसेंबरात अटलांटा फाल्कन्स या संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा तेरा कोटी डॉलरचा करार केला. एप्रिल २००७ मध्ये सरी काउंटीतल्या त्याच्या मालकीच्या घरावर पोलिसांनी झडती घेतली आणि मागच्या झाडीत झुंजीच्या कुत्र्यांचा अड्डा सापडला. ऑगस्टमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. कबुलीसोबतच्या निवेदनात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा : नीट न लढणारे सहा ते आठ कुत्रे फाशी देऊन, पाण्यात बुडवून अशा निरनिराळ्या मार्गांनी मारले गेले आणि त्यात व्हिकचा हात होता. पगार थांबला, जाहिराती गेल्या, फाल्कन्सने करारापोटी दिलेली रक्कम परत मागितली, बँकांची व्यावसायिक कर्जे थकली. अर्जाच्या वेळी देणे सुमारे दोन कोटी डॉलर आणि मालमत्ता त्याहून कमी, अशी स्थिती होती. काही आर्थिक सल्लागारांनीही त्याला लुबाडले होते, पण तो भाग अशा प्रत्येक खेळाडूच्या गोष्टीत असतो. त्यावर थांबत नाही.

आता शब्दांकडे वळतो, कारण या विषयावर मराठीत विचार करणाऱ्याला शब्दच वाट दाखवतात. 'दिवाळे' हा शब्द दिव्यावरून आला असे सांगतात : बुडालेल्या व्यापाऱ्याने पेढीवर भर दिवसा दिवा लावून ठेवायचा, म्हणजे धनकोंना न बोलता कळायचे. व्युत्पत्ती तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यातली कल्पना मोलाची आहे. दिवाळे ही लपवायची नव्हे, जाहीर करायची गोष्ट होती. आज आपण 'दिवाळखोर' हा शब्द शिवीसारखा वापरतो, 'वैचारिक दिवाळखोरी' तर अग्रलेखाचे ठेवणीतले हत्यार आहे. कोर्टाच्या भाषेतला 'नादार' त्या मानाने सभ्य. नसणे एवढाच त्याचा अर्थ. दुसरा शब्द 'तारण'. कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू तीही तारण आणि बुडत्याला वर काढणे तेही तारण. 'उधार' आणि 'उद्धार' यांचे मूळ एकच आहे. इंग्रजीत पापमुक्तीसाठी जो शब्द रूढ आहे, 'रिडेम्प्शन', तोही गहाण वस्तू सोडवण्याचाच शब्द. जर्मनमध्ये 'शुल्ड' म्हणजे अपराध आणि त्याच शब्दाचे अनेकवचन म्हणजे कर्ज. भाषांनी दोन वह्या एकाच दोऱ्यात बांधून ठेवल्या आहेत, आणि व्हिकची गोष्ट वाचताना सगळा घोटाळा होतो तो इथे. एका वहीतली फेड दुसऱ्या वहीत जमा धरली जाते.

कायदा मात्र त्या वह्या वेगळ्या ठेवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये 'लोकल लोन विरुद्ध हंट' या खटल्यात जी भूमिका घेतली ती दिवाळखोरीच्या नीतिशास्त्राचा गाभा मानली जाते. प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोला नवी सुरुवात मिळाली पाहिजे. जुन्या कर्जाचे ओझे त्याच्या पुढच्या कमाईवर कायमचे बसता कामा नये, कारण कमावण्याची शक्ती हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशात या विचाराला वेगळे वजन आहे. 'चॅप्टर ७' खाली अर्ज करणारा माणूस आहे ते सर्व देऊन टाकतो आणि उद्याचा पगार त्याचा स्वतःचा राहतो. 'चॅप्टर ११' ची रीत वेगळी : मालमत्तेचा ताबा राहतो, पण धनकोंच्या संमतीने परतफेडीची योजना बांधावी लागते. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या व्यक्तीची पुढची कमाईही धनकोंच्या पुढ्यात येते.

व्हिकने चॅप्टर ११ निवडला. मोकळे होण्याची वाट सोडून आपण पैसे फेडायचे ठरवले, हे तो स्वतःही सांगत आला आहे. त्याच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि मी तो कमी लेखू इच्छित नाही. मिळकत वाढेल तसा धनकोंचा टक्का वाढत जाईल अशी योजना होती. वर्षाचा खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास बांधलेला. (तीन लाख डॉलर म्हणजे तपश्चर्या नव्हे, हे कुणी म्हणेल. पण ज्या माणसाच्या हातून वर्षाला कोट्यवधी जात होते त्याच्या घरात ती खरी कपात होती.) मे २००९ मध्ये कॅन्ससच्या लेव्हनवर्थ तुरुंगातून तो उरलेली शिक्षा घरी भोगण्यासाठी सुटला, तेव्हा काही दिवस त्याने तासाला दहा डॉलर मजुरीवर बांधकाम कंपनीत काम केले.

पण योजनेचा मजकूर कथेसारखा वाचला की तिचे दुसरे रूप दिसते. एप्रिल २००९ मध्ये न्यायालयाने पहिली योजना नाकारली. कारण साधे होते : ती चालण्यासारखी नव्हती. पैसा येणार कुठून? उत्तर एकच, फुटबॉलमधून. आणि लीगने त्याला परत घेण्याची तेव्हा काहीच खात्री नव्हती. त्याच सुनावणीत वकिलांनी आणखी एक येणे दाखवले : व्हिकच्या आयुष्यावरच्या एका माहितीपटाचा करार, सहा लाख डॉलरचा. माझ्या दृष्टीने या सगळ्या कागदपत्रांतली सर्वांत बोलकी नोंद ही आहे. माणूस अजून तुरुंगात आहे, पश्चात्ताप अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि पश्चात्तापाची गोष्ट मात्र मालमत्ता म्हणून मांडलेली आहे. गोष्टच तारण ठेवली गेली होती.

जुलैत लीगने बंदी उठवली. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतले आणि त्याच महिन्यात सुधारित योजना मंजूर झाली. २०१० च्या हंगामात तो सर्वोत्तम पुनरागमनाचा मानकरी ठरला. त्या डिसेंबरात अध्यक्ष ओबामांनी ईगल्सच्या मालकाला फोन करून दुसरी संधी दिल्याबद्दल त्यांचे कौतुक केले. २०११ मध्ये सहा वर्षांचा दहा कोटींचा करार झाला आणि सोडून गेलेली नायकी कंपनी परतली. बंदी उठावी, तो खेळावा, लोकांनी त्याला स्वीकारावे, यावर आता बँकांची वसुली अवलंबून होती. त्याचा जुना संघ फाल्कन्ससुद्धा सुमारे पासष्ट लाखांच्या तडजोडीमुळे धनकोंच्या रांगेत होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर व्हिकने मारलेल्या प्रत्येक फेकीत त्यांचाही वाटा. क्षमेची इतकी मागणी होती याचे एक कारण असे की क्षमेत अनेकांचे पैसे गुंतलेले होते.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे चित्र आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळाने ती बुडवली, त्यांचेही दिवाळे निघाले. पुढे भावाशी वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. तिथे सूट देणारा धनको स्वतःचे नुकसान करून सूट देतो. व्हिकला जे मिळाले ते त्या जातीचे नव्हते. याचा अर्थ ते वाईट होते असे नाही. फक्त त्याला त्याच नावाने हाक मारू नये.

अशा परतफेडीच्या गोष्टीला वाङ्मयीन कुळ आहे आणि ते पाहिल्याशिवाय व्हिकच्या गोष्टीचा साचा कळत नाही. बाल्झाकची 'सेझार बिरोतो' ही कादंबरी १८३७ च्या अखेरीस आली. पॅरिसमधला सुगंधी तेले विकणारा सज्जन दुकानदार जमिनीच्या सट्ट्यात पडतो, विश्वासातला नोटरी पैसे घेऊन पळतो, दुकान बुडते. मग तो कारकुनी करतो, बायको-मुलगी नोकरी धरतात, आणि तडजोडीने सुटलेले कर्जही तो पै-पै फेडतो. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात संपूर्ण परतफेडीशिवाय व्यापाऱ्याची प्रतिष्ठा परत मिळत नसे. बुडालेल्याला शेअर बाजाराच्या इमारतीत पाऊलही टाकता येत नसे. बिरोतोला न्यायालय पुन्हा प्रतिष्ठा देते, तो बाजारात ताठ मानेने जातो आणि त्याच दिवशीच्या मेजवानीत आनंदाच्या भाराने मरतो. तोंडावर पाहता ही सन्मानाची पोथी आहे. पण मधल्या भागात बाल्झाक दिवाळखोरीच्या कामकाजाचे नाटकासारखे वर्णन करतो : कोण कुणाशी संगनमत करतो, खोटे धनको कसे उभे केले जातात, सर्वांना ठाऊक असलेले सोंग कसे अंक-प्रवेशांनी पुढे सरकते. या जगात बिरोतोचा प्रामाणिकपणा नियम नाही, चमत्कार आहे, आणि चमत्कार झाल्यावर नायकाला जिवंत ठेवणे कादंबरीकाराला जमत नाही. लिहिणारा स्वतः छापखान्याच्या धंद्यात बुडालेला आणि जन्मभर धनकोंना चुकवत फिरणारा होता. म्हणूनच त्याने सोंग ओळखले असावे.

सर वॉल्टर स्कॉटचे उदाहरण इंग्रजी शाळांतून पिढ्यान्पिढ्या गिरवले गेले. १८२६ मध्ये छापखाना आणि प्रकाशक एकत्र बुडाले आणि सुमारे एक लाख वीस हजार पौंडांचे देणे अंगावर आले. त्याने दिवाळे जाहीर करायला नकार दिला आणि मरेपर्यंत, म्हणजे १८३२ पर्यंत, लिहून लिहून देणे कमी केले. उरलेले त्याच्या पश्चात पुस्तकांच्या हक्कांतून फिटले. शाळेत न सांगितलेली बाब ही की ॲबट्सफर्डची त्याची लाडकी वास्तू आधीच्याच वर्षी मुलाच्या लग्नात त्याच्या नावे करून दिलेली होती आणि धनकोंचा हात तिथवर पोहोचत नव्हता.

तिसरे नाव मार्क ट्वेनचे, आणि ते आपल्या मुंबईतून जाते. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. अक्षरजुळणीच्या एका यंत्रात त्याने ओतलेला पैसा आधीच गेला होता. कायद्याने तो थोडक्यात सुटू शकत होता. तरी साठाव्या वर्षी तो जगभर व्याख्याने देत निघाला. १८९६ च्या जानेवारीत मुंबईत उतरल्यावर तो वॉटसन हॉटेलात आजारी पडला, बरा होताच नॉव्हेल्टी थिएटरात बोलला. 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनात त्याने हिंदुस्थानी कावळ्यावर जी मजेदार पाने लिहिली ती आजही वाचावीत; वॉटसनच्या सज्जावर बसणाऱ्या त्या कावळ्यानेही धनकोंचा एखादा हप्ता भरला, असे म्हणायला हरकत नाही. १८९८ पर्यंत त्याने सारे देणे चुकते केले. पण इथेही एक बंद खोली आहे. स्टँडर्ड ऑइलमधला त्याचा मित्र हेन्री रॉजर्स याने व्यवहार हाती घेतला तेव्हा पत्नी ऑलिव्हियाला पहिल्या हक्काची धनको ठरवून पुस्तकांचे हक्क तिच्या नावे केले. ट्वेनची खरी मालमत्ता तीच होती.

स्कॉट आणि ट्वेन यांना ढोंगी ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. दोघांनीही कायद्यात राहून काही वाचवले आणि कायद्याबाहेर जाऊन पुष्कळ दिले. मुद्दा एवढाच की पूर्ण परतफेडीची प्रत्येक आदर्श कथा जवळून पाहिली तर तिच्यात एक खोली कुलूपबंद असते, आणि कथा सांगणारा तिच्यासमोरून भरभर पुढे जातो. व्हिकच्या गोष्टीत ती खोली कोणती?

मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने त्याच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. व्हिकच्या नावाने जाहिराती-करार सांभाळणारी त्याचीच एक छोटी कंपनी होती. तिच्या निवृत्तिवेतन योजनेचा लाभ नऊ आजी-माजी कर्मचाऱ्यांना मिळायचा होता. त्या निधीतून तेरा लाखांहून अधिक डॉलर नियमबाह्य रीतीने काढले गेले, असा आरोप होता. कशासाठी? खात्याच्या म्हणण्यानुसार काही रक्कम दिवाळखोरीच्या वकिलांसाठी गेली, आणि काही कुत्र्यांच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलेल्या भरपाईसाठी. पुढे चार लाखांहून अधिक डॉलर निधीत परत भरण्याचे त्याने मान्य केले.

या नोंदीवर मी बराच वेळ अडून राहिलो. जप्तीच्या प्रकरणातून वाचलेल्या कुत्र्यांच्या आजन्म देखभालीसाठी व्हिकला सुमारे नऊ लाख अठ्ठावीस हजार डॉलर द्यावे लागले. साऱ्या प्रकरणात त्या जनावरांचे देणे म्हणून आकड्यात उतरलेली रक्कम ती एवढीच. आणि खात्याचा आरोप खरा धरला तर तिचा काही भाग त्या नऊ जणांच्या म्हातारपणाच्या पुंजीतून आला. एक प्रायश्चित्त दुसऱ्या अपराधाने भरले. रॉयल बँक ऑफ कॅनडासारख्या धनकोला वकील असतात, मतदानाचा हक्क असतो, जोखमीचे व्याज त्याने आधीच लावलेले असते. माझ्या मते दिवाळखोरीची नैतिक कसोटी बँकेचे किती टक्के परत केले ही नाहीच. ज्याने जोखीम घेतली नव्हती, ज्याला आपण धनको आहोत हेसुद्धा माहीत नव्हते, त्याचे काय झाले, ही आहे. व्हिकच्या कौतुकाच्या लेखांत बँका येतात, ते नऊ जण क्वचित येतात.

तुलनेसाठी दोन नावे धावती. बोरिस बेकर २०१७ मध्ये लंडनमध्ये दिवाळखोर ठरला. मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा राजनैतिक अधिकारी म्हणून संरक्षण मागण्याचाही प्रयत्न त्याने करून पाहिला, आणि एप्रिल २०२२ मध्ये मालमत्ता दडवल्याच्या चार आरोपांत अडीच वर्षांची शिक्षा भोगायला गेला. जर्मनीतले घर, एक कर्ज, काही शेअर, खात्यांतून हलवलेले पैसे. विम्बल्डनचे चषक लपवल्याच्या आरोपांतून मात्र ज्यूरीने त्याला सोडले, आणि वृत्तपत्रांनी सर्वाधिक लिहिले ते त्या चषकांवर. त्याचा गुन्हा कर्ज न फेडण्याचा नव्हता. दिवसा दिवा न लावण्याचा होता. ओ. जे. सिम्प्सनचे उदाहरण आणखी काळे. १९९७ च्या दिवाणी निकालात त्याच्यावर साडेतीन कोटींच्या जवळपास देणे बसले आणि त्यातले फारच थोडे त्याने दिले. फुटबॉलच्या निवृत्तिवेतनाला कायद्याचे संरक्षण होते. 'मी हे केले असते तर' अशा धाटणीचे पुस्तक त्याच्या नावावर तयार झाले तेव्हा त्याचे हक्क मुलांच्या नावे असलेल्या कंपनीकडे ठेवले होते. ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००७ मध्ये न्यायालयाद्वारे ते हक्क मृत गोल्डमनच्या कुटुंबाला मिळाले. त्यांनी पुस्तक छापले आणि मुखपृष्ठावर 'जर' हा शब्द जेमतेम दिसेल इतका बारीक केला. एखाद्या संहितेची मालकी दिवाळखोरी न्यायालयातून बदलावी आणि नव्या मालकाने केवळ टंकाच्या आकाराने तिचा अर्थ उलटवावा, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. गोष्ट ही मालमत्ता असते, हे व्हिकच्या वकिलांना कळले होते; गोल्डमन कुटुंबाला त्यापुढचे कळले.

व्हिकच्या बाबतीत गोष्टीची मालकी कुणाकडे गेली? त्याच्या तुरुंगोत्तर आयुष्यावर 'बीईटी' वाहिनीने २०१० मध्ये मालिका दाखवली. २०१२ मध्ये 'फायनली फ्री' हे आत्मचरित्र ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेकडून आले, तुरुंगात त्याला भेटायला गेलेले प्रशिक्षक टोनी डंजी यांच्या प्रस्तावनेसह. शीर्षकातले 'मुक्त' कशापासून, हे मुद्दाम मोघम आहे : तुरुंगापासून, पापापासून, की देण्यापासून? तिन्ही एकदम ऐकू यावेत अशीच ती योजना असणार. २०२० मधला स्टॅन्ली नेल्सन यांचा दोन भागांचा माहितीपट मला कितीतरी अधिक प्रौढ वाटतो. नेल्सन त्या गावात जातात, तिथल्या गरिबीत आणि कृष्णवर्णीय क्वार्टरबॅककडे पाहण्याच्या अमेरिकेच्या नजरेत प्रकरण बसवून पाहतात, आणि कुत्र्यांसाठी पेटलेला संताप माणसांसाठी नेहमी का पेटत नाही, हा अवघड प्रश्न टाळत नाहीत. तो प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर म्हणून कुत्रे बाजूला सारता येत नाहीत, हेही तितकेच खरे. आणि जिम गोरंट यांचे २०१० चे 'द लॉस्ट डॉग्ज' हे कुत्र्यांच्या बाजूने लिहिलेले पुस्तक. गंमत अशी की त्याच्या उपशीर्षकातही तोच 'रिडेम्प्शन' शब्द आहे. एकाच शब्दाच्या दोन दावेदारांत मला गोरंट यांचे पुस्तक अधिक विश्वासाचे वाटते, कारण त्याच्या नायकांना त्या शब्दातून काही मिळवायचे नव्हते.

जुन्या धर्मशास्त्रात या गुन्ह्याला वेगळे नाव आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि प्राण्यांना झुंजवून पैज लावतात तो समाह्वय, असा भेद केला आहे आणि राजाने दोन्ही बंद करावेत असे सांगितले आहे. बापाचे ऋण मुलाने फेडावे असा दंडक घालणाऱ्या त्याच परंपरेने जुगार आणि दारू यांचे ऋण मुलावर नाही, असेही ठरवले. सगळी कर्जे सारखी नसतात, कशासाठी काढले हे पाहावे, ही दृष्टी ब्रिटिश अमदानीतल्या १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यातही उतरली होती : उधळपट्टी, जुगार, बेफाम सट्टा यांतून आलेली नादारी असेल, किंवा मालमत्ता रुपयामागे आठ आण्यांइतकीही नसेल, तर सहज सुटका नाही. व्हिकचे कर्ज मात्र झुंजीच्या पैजांचे नव्हतेच. ते होते दुकाने, जमिनी आणि करारांचे. म्हणून झुंजीचे पाप त्या यादीत कुठल्याच ओळीवर बसत नाही. समाह्वयाबाबत स्मृतिकाराची चिंताही मुख्यतः पैजेची आहे. झुंजणाऱ्या प्राण्याची वेदना तिथेही खातेबाहेरच राहते.

त्या दृष्टीने २००७ मध्ये जप्तीच्या प्रकरणात जे घडले ते विलक्षण म्हणावे लागेल. झुंजीतून पकडलेले कुत्रे तोवर सरसकट मारून टाकले जात. इथे न्यायालयाने त्यांच्यासाठी कायद्याच्या एका प्राध्यापकाची पालक म्हणून नेमणूक केली, प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी झाली, आणि पन्नासच्या आसपास कुत्र्यांपैकी बहुतेक सगळे वाचवले गेले. 'अंदाजे ५३' अशा ढिगातून एकेक जण वेगळा काढून त्याला नाव दिले गेले. हे काम व्हिकने केलेले नाही. त्याच्या पैशाने झाले. पुढे त्याने प्राणिहितवादी संघटनेबरोबर शाळांतून भाषणे दिली, २०११ मध्ये झुंजी पाहायला जाणे हाही गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाच्या समर्थनार्थ वॉशिंग्टनला गेला. त्यामागे मन किती आणि जनसंपर्क किती, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही, आणि दिवाळखोरी न्यायालयाच्या पावत्या तर त्यासाठी मुळीच उपयोगाच्या नाहीत.

त्या कुत्र्यांपैकी बावीस जण युटा राज्यातल्या कनाब इथल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या आश्रयस्थानात गेले. बहुतेकांना पुढे घरे मिळाली. लुकास हा त्या अड्ड्यावरचा सर्वांत जास्त झुंजी जिंकलेला कुत्रा. माणसांशी तो अतिशय गोड वागे, पण त्याला कुणाच्या घरी देऊ नये असा न्यायालयाचा आदेश होता. तो आयुष्यभर तिथेच राहिला आणि २०१३ मध्ये मेला. त्या वर्षी फिलाडेल्फियात व्हिकचे हप्ते अजून चालू होते.